बारनिशीतील नोंद

दादरच्या एका महाविद्यालयाच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरची सदस्या म्हणून काम करताना माझे लक्ष प्रथम जाते ते कार्यालयातील आवक बारनिशीकडे. कारण तक्रारीच्या अर्जावर तारीख व क्रमांक पडून, विषयाच्या रकान्यात तक्रारदार मुलीच्या नावाऐवजी केवळ ‘गोपनीय’ असे लिहिले जाऊन, शिक्का मारलेली नक्कल तिच्या हाती येईपर्यंत, तो कागद गहाळ झाला तर जाब कोणाला विचारावा हा प्रश्नच उरतो. जे नोंदले जात नाही त्याचा न्यायही होत नाही: जवळच परळला के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर जो अमानुष हल्ला झाला, त्यातील अपराध्याला शिक्षा झाली ती मारहाण आणि जबरी चोरी यांसाठी. लैंगिक अत्याचाराचा आरोप दप्तरी चढलाच नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनी आज अशा तक्रारींसाठी मार्ग आखून दिला आहे. अर्जाची प्रत सात दिवसांत प्रतिवादीस बजावायची, त्याने दहा दिवसांत लेखी उत्तर द्यायचे, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी निगडित असेल तर समितीत तीन विद्यार्थीही बसतात, ज्यांचे गांभीर्य पाहून मला अनेकदा आदर वाटला आहे. जबानीच्या दिवशी दोन्ही पक्षांच्या वेळा निरनिराळ्या ठेवलेल्या बऱ्या, म्हणजे जिन्यात गाठ पडत नाही.

मुलींना खरी धास्ती असते ती अंतर्गत गुणांची. ज्या प्राध्यापकाविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती प्रात्यक्षिकाची वही असेल तर कोणती मुलगी तोंड उघडेल? चौकशी चालू असेतो अशा प्राध्यापकास तिच्या मूल्यमापनापासून दूर ठेवण्याची शिफारस समितीला करता येते; हे कलम प्रत्येक वर्गाच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लागले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. घरी आईला सांगायलाच कित्येकींना याहून अधिक काळ लागतो. म्हणूनच वार्षिक अहवालात तक्रारींपुढे ‘निरंक’ लिहिलेले पाहून मला समाधान वाटत नाही. मुदतबाह्य म्हणून परत गेलेल्या अर्जांची संख्याही त्याच पानावर नोंदवली जावी, हा आग्रह मी प्रत्येक बैठकीत धरीत आले आहे.