बर्फ कां होत नाहीं?

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर गेला म्हणजे घरोघर बर्फाची मागणी वाढते, आणि नेमकें त्याच वेळीं फ्रीजमधील बर्फयंत्र रुसतें. मग कोणी यंत्रास नांवें ठेवतो, तर कोणी म्हणतें, सूनबाई दार सारखें उघडतात! वाचकहो, दोषारोपापूर्वीं कारण शोधावें. आपल्या न्यायशास्त्रानें त्यासाठीं अन्वय-व्यतिरेकाची रीत सांगितली आहे. जें असतां कार्य घडतें व जें नसतां घडत नाहीं, तें त्याचें कारण. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा.

प्रथम थंडी. फ्रीझरचें तपमान उणें १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असावें. तें त्याहून चढें दिसल्यास एक दिवस दार मोजकेंच उघडावें. तरीही फरक पडला नाहीं, तर सूनबाई निर्दोष होत.

दुसरी गोष्ट दांडीची. पुष्कळ यंत्रांत तारेची एक दांडी असते. ती वर अडकून राहिली, कीं बर्फाची पेटी भरली असें समजून यंत्र थांबतें. ती खालीं आणावी.

तिसरें पाणी. थंडी पुरेशी असूनहि तुकडे लहान वा पोकळ निघाले, तर पाणी अपुरें पडतें असें समजावें. फिल्टर तुंबला आहे काय, हें तो बदलून पाहावें. बोअरचें पाणी दुष्फेन असल्यास क्षार लवकर सांचतात. नळास जोडलेल्या बहुतेक यंत्रांस दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १.४ किलो दाब लागतो, म्हणजे चौदा मीटर उंचीच्या पाण्याचा. गच्चीवरील टाकी फ्रीजपेक्षां पांच-सहा मीटरच उंच असली, तर दाब अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. अशा घरीं नवें यंत्र आणूनहि उपयोग नाहीं. लहानसा बूस्टर पंप बसवावा लागतो. हातानें टाकी भरावयाच्या फ्रीजला मात्र ही अडचण नसते.

चौथें, पाणी आंत सोडणारी नळी गोठलेली असेल, तर वीज बंद करून ऊन पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें ती शेकावी. सुरीनें टोंचूं नये.

इतकें करून भागलें नाहीं, तरच मेकॅनिकास बोलवावें, व काय काय तपासून झालें तें त्यास क्रमानें सांगावें. म्हणजे नको ते भाग बदलण्याचा खर्च वांचतो.