पत्त्यातले शून्य
१९२.१६८.१.१ हा पत्ता वायफाय राउटरच्या निमित्ताने अनेकांनी पाहिला असेल. आपल्याला त्यात चार तुकडे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती ३,२३,२२,३५,७७७ ही एकच, ३२ बिटांची संख्या. पायथन भाषेत २०१२ पासून ‘आयपीॲड्रेस’ हे मॉड्यूल आहे. पत्ता खासगी, सार्वजनिक, की १२७ने सुरू होणारा, म्हणजे यंत्राने स्वतःशीच बोलायचा, हे ते सांगते. संख्या कुठल्या पट्ट्यात पडते एवढेच त्यासाठी पाहायचे.

खरी गोम शून्यात आहे. पत्त्यातले ०१० म्हणजे दहा, की अष्टमान पद्धतीने आठ? दोन प्रोग्रॅमनी दोन अर्थ लावले, तर बंदी घातलेला पत्ताही बिनबोभाट आत शिरतो. अंदाज बांधण्यापेक्षा हेकेखोरपणा बरा. २०२१ पासून पायथन असा पत्ता सरळ नाकारते.