परदेशी विद्यापीठातील आंतरविद्याशाखीय विषयनिवड : डॉ. आंबेडकर यांचा कोलंबियातील अभ्यासक्रम आणि खानदेशातील महाविद्यालये

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय आणि खुला ऐच्छिक विषय अशी या रचनेची विभागणी आहे. खुला ऐच्छिक विषय विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा निवडावा, अशी अट आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या तीनही जिल्ह्यांतील महाविद्यालये याच व्यवस्थेत काम करीत आहेत. प्रत्यक्षात मात्र ही निवड पुष्कळदा वेळापत्रक, कार्यभार आणि उपलब्ध प्राध्यापक यांवरून ठरते. विद्यार्थ्याला नेमके काय हवे आहे, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

हाच विद्यार्थी पुढे परदेशी गेला की पहिल्या आठवड्यातच त्याच्या हाती शेकडो अभ्यासक्रमांची यादी पडते आणि त्यातून तीन-चार निवडण्यास सांगितले जाते. निवड करण्याची सवय नसलेला विद्यार्थी अशा वेळी एक तर ओळखीच्या विषयाला चिकटून राहतो, नाही तर आकर्षक शीर्षकांमागे धावतो. या दोन्ही टोकांपासून दूर राहून केलेल्या विषयनिवडीचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९१३ ते १९१६ या काळातील कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासक्रम. प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे विषयनिवडीची तत्त्वे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. डॉ. आंबेडकर यांच्या कोलंबियातील विषयनिवडीचे स्वरूप समजून घेणे.
२. विविध विषयांचा त्यांच्या संशोधनपर लेखनात कसा संगम झाला ते पाहणे.
३. परदेशी जाणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यासाठी, तसेच खानदेशातील महाविद्यालयांसाठी त्यातून निघणारे निष्कर्ष मांडणे.

नाकारलेली निवड आणि खुली झालेली निवड

शालेय वयात संस्कृत शिकण्याची बाबासाहेबांची इच्छा होती. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्म झाल्यामुळे ती नाकारली गेली आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. ही गोष्ट सर्वपरिचित आहे. विषयनिवडीच्या चर्चेत मात्र तिला एरवीपेक्षा अधिक महत्त्व आहे. कोणी काय शिकावे हे ज्या समाजात जन्मावरून ठरते, तेथे विषय निवडण्याचे स्वातंत्र्य हा केवळ शैक्षणिक सोयीचा प्रश्न उरत नाही, तो न्यायाचा प्रश्न होतो.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यानंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी, दरमहा साडेअकरा पौंडांची होती. ठरवून दिलेल्या विषयांच्या अभ्यासात वेळ द्यावा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी त्यात अट होती. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

तेथील शिक्षणव्यवस्था मुंबई विद्यापीठाहून मूलतः वेगळी होती. हार्वर्डमध्ये चार्ल्स इलियट यांनी १८६९ पासून ऐच्छिक विषयांची पद्धत वाढीस लावली होती आणि जर्मन विद्यापीठांतील चर्चासत्राची पद्धतही अमेरिकेत रुजली होती. कोलंबियात १८८० मध्ये स्थापन झालेल्या राज्यशास्त्र विद्याशाखेत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि सार्वजनिक कायदा हे विषय एकाच छत्राखाली शिकविले जात. एका विषयाच्या वर्गातून दुसऱ्या विषयाच्या वर्गात जाणे ही तेथे नित्याची बाब होती.

साठ अभ्यासक्रमांची मांडणी

कोलंबियातील तीन वर्षांत बाबासाहेबांनी एकूण ६० अभ्यासक्रम घेतले. त्यांची विषयवार विभागणी पुढीलप्रमाणे आहे.

अर्थशास्त्र – २९
इतिहास – ११
समाजशास्त्र – ६
तत्त्वज्ञान – ५
मानववंशशास्त्र – ४
राज्यशास्त्र – ३
प्राथमिक फ्रेंच – १
प्राथमिक जर्मन – १

या यादीचे सामान्यतः केवळ कौतुक केले जाते. तिचा आराखडा म्हणून अभ्यास केल्यास चार गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट केंद्राची. साठांपैकी एकोणतीस, म्हणजे जवळपास निम्मे अभ्यासक्रम एकाच विषयाचे आहेत. आंतरविद्याशाखीयता म्हणजे सर्वत्र थोडे थोडे शिकणे, असा अर्थ येथे नाही. अर्थशास्त्रात त्यांचे पाय घट्ट रोवलेले होते. म्हणूनच इतर विषयांकडे पाहताना तोल गेला नाही.

दुसरी गोष्ट निकटच्या विषयाची. इतिहासाचे अकरा अभ्यासक्रम मिळविले की एकूण दोन तृतीयांश अभ्यास या दोन विषयांत सामावतो. सार्वजनिक वित्तासारख्या विषयाला इतिहासाची जोड नसेल, तर ते आकड्यांचे शास्त्र होऊन बसते. जेम्स शॉटवेल व जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे इतिहासाचे अध्यापक आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे सार्वजनिक वित्ताचे अधिकारी अभ्यासक त्यांना एकाच ठिकाणी लाभले.

तिसरी गोष्ट दृष्टिकोन देणाऱ्या विषयांची. समाजशास्त्रात फ्रँकलिन गिडिंग्ज, तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई आणि मानववंशशास्त्रात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या वर्गांतून त्यांना समाजाकडे पाहण्याच्या निरनिराळ्या रीती मिळाल्या. या विषयांत पदवी मिळविणे हा त्यांचा हेतू नव्हता. प्रश्न विचारण्याच्या पद्धती त्यांनी येथून घेतल्या.

चौथी गोष्ट साधनांची. फ्रेंच व जर्मन या भाषांचे वाचन डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याकडून तेथे अपेक्षित असे. भाषा हा येथे संशोधनाचे साधन म्हणून येतो, यादीतील रिकामी जागा भरण्यासाठी नव्हे.

विषयांचा संगम

निवड योग्य होती की नाही, हे गुणपत्रिकेपेक्षा पुढील लेखनावरून ठरते. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेल्याने जात निर्माण होते, ही त्यातील मध्यवर्ती मांडणी मानववंशशास्त्राच्या परिभाषेत आहे. परंतु जात एका वर्गाकडून इतरांकडे कशी पसरली, याचे स्पष्टीकरण देताना त्यांनी गॅब्रिएल टार्ड यांच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला आणि हा सिद्धांत समाजशास्त्राच्या प्रांतातील आहे. टार्ड यांच्या ग्रंथाच्या १९०३ मधील इंग्रजी अनुवादाला गिडिंग्ज यांचीच प्रस्तावना होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. एका विषयाच्या चर्चासत्रात दुसऱ्या विषयाचे उपकरण वापरले गेले, ते अशा रीतीने.

याच निबंधात त्यांनी सेनार, नेसफील्ड व रिस्ले यांच्याबरोबर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातिविषयक व्याख्येचाही परामर्श घेतला आहे. ज्ञानकोशकार केतकर यांनी स्वतः अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिक्षण घेतले होते आणि त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मराठी समाजातून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांचा जातीविषयीचा विचारविनिमय अमेरिकेतील ज्ञानव्यवहारात असा नोंदला गेला.

डॉक्टरेटच्या प्रबंधातही हाच संगम दिसतो. ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ या नावाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात १८३३ पासूनच्या केंद्रित वित्तव्यवस्थेपासून १९२१ पर्यंतच्या प्रांतिक वित्ताच्या टप्प्यांची मांडणी आहे. विषय अर्थशास्त्राचा असला तरी पद्धत इतिहासाची आहे. १९१८ मधील शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवरील निबंधात त्यांनी प्रश्न केवळ तुकड्याच्या आकाराचा मानला नाही. जमिनीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त श्रमशक्तीकडे आणि भांडवलाच्या अभावाकडे लक्ष वेधून त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सुचविला. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये त्यांनी ड्यूई यांचे ऋण आपले गुरू म्हणून नमूद केले. वर्गात ऐकलेला विचार जवळपास दोन दशकांनी सामाजिक चळवळीच्या भाषेत परतला, असे म्हणता येईल.

निवडीच्या मर्यादा

या उदाहरणाचा गौरव करताना त्यामागील किंमत विसरता कामा नये. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठण्यास १९२० साल उजाडले. त्या वेळी स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचा हात उपयोगी पडला. कोलंबियात पदवीसाठी प्रबंध छापून सादर करणे आवश्यक होते. १९१६ मध्ये प्रबंधाचे काम झाले, ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. विस्तृत निवडीला वेळ व पैसा लागतो, आणि ही दोन्ही साधने सर्वांना सारखी मिळत नाहीत.

आजच्या विद्यार्थ्यापुढील प्रश्न

आजच्या विद्यार्थ्यास विषय निवडताना प्रथम श्रेयांकांचा हिशेब समजला पाहिजे. ब्रिटनमधील एक वर्षाची पदव्युत्तर पदवी सामान्यतः १८० श्रेयांकांची असते. युरोपीय मापाने तेच ९० होतात. युरोपात पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा धरला जातो. अमेरिकेत पदव्युत्तर पदवी अनेकदा ३० च्या आसपास श्रेयांकांत पूर्ण होते. आकडा मोठा म्हणजे अभ्यास अधिक, असा अर्थ यातून निघत नाही.

दुसरी बाब सक्तीच्या व ऐच्छिक भागाची. ब्रिटनमध्ये निवडीला वाव तुलनेने कमी असतो; अमेरिकेत अधिक असला तरी अनेक अभ्यासक्रमांना पूर्वअट असते. सांख्यिकीचा पाया नसलेल्या विद्यार्थ्याला अर्थमितीच्या वर्गात प्रवेश मिळणे कठीण. सत्राच्या सुरुवातीच्या काही दिवसांत विषय बदलण्याची मुभा असते. त्या काळात दोन-तीन वर्गांना बसून, वाचनयादी पाहून व सल्लागार प्राध्यापकांशी बोलून निर्णय घ्यावा. आवडीचा परंतु श्रेयांकात न बसणारा विषय केवळ श्रोता म्हणून ऐकण्याची सोयही अनेक ठिकाणी असते.

तिसरी बाब परतीची. भारतात अध्यापक म्हणून नियुक्ती होताना ‘संबंधित विषयातील पदवी’ हा निकष लावला जातो. त्यामुळे पदवीवरील विषयाचे नाव, अभ्यासक्रमांचा तपशील आणि गुणपत्रिका जपून ठेवणे अगत्याचे आहे. केंद्र भक्कम असावे हे तत्त्व येथे व्यवहारातही उपयोगी पडते.

चौथी बाब धोरणाची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. अनुसूचित जाती व इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारताचा अभ्यास भारतातच करावा, असा युक्तिवाद त्यामागे करता येईल. तथापि ही कसोटी मागे नेऊन लावली, तर ‘कास्ट्स इन इंडिया’ लिहिणारा विद्यार्थी अशा अनुदानास अपात्र ठरला असता. आपल्या समाजाकडे दुरून, इतर शास्त्रांच्या उजेडात पाहण्याची संधी ज्यांना सर्वाधिक हवी, त्यांच्याच बाबतीत विषयांची दारे मिटावीत, हे चिंतनीय आहे.

खानदेशातील महाविद्यालयांसाठी विचारार्थ

आपल्या परिसरातील प्रश्न मुळातच एका विषयात मावणारे नाहीत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाच्या अर्थकारणाचा अभ्यास करू पाहणाऱ्या रावेर किंवा यावलच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राबरोबर मृदाशास्त्र, विमा व कायदा यांची तोंडओळख हवी. साक्री किंवा शिरपूर तालुक्यातील वनहक्क दाव्यांचा अभ्यास २००६ चा कायदा, वनप्रशासनाचा इतिहास आणि मानववंशशास्त्र यांशिवाय अपुराच राहील. म्हणून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. खुला ऐच्छिक विषय देताना विद्यार्थ्याकडून ‘हा विषय मला कशासाठी हवा’ या प्रश्नाचे अर्ध्या पानाचे लेखी उत्तर घ्यावे.
२. एकाच शहरातील महाविद्यालयांनी परस्परांच्या प्राध्यापकांचा लाभ घेऊन ऐच्छिक विषयांची संयुक्त यादी करावी.
३. प्रत्येक विभागाने आपल्या विषयाच्या जवळचे, दृष्टिकोन देणारे आणि साधनरूप विषय कोणते, याचा छोटा तक्ता तयार करावा.
४. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना शिफारसपत्र देण्यापूर्वी त्यांच्याशी विषयनिवडीची चर्चा करावी.

समारोप

न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेल्या बाबासाहेबांनी लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्काम केला होता. त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातील लोक तेथे मोठ्या संख्येने जमतात. त्यांत आपले विद्यार्थीही असतात. बाबासाहेबांच्या पदव्यांची संख्या त्यांना पाठ असते. त्या पदव्यांमागील साठ अभ्यासक्रमांची रचना त्यांना समजावून सांगणे हे आपले, अध्यापकांचे काम आहे. एक केंद्र, त्याच्या निकटचा एक विषय, दृष्टी देणारे काही विषय आणि साधने, एवढा हा साधा आराखडा आहे. ज्याला एकेकाळी संस्कृतचा वर्ग नाकारला गेला, त्याने पुढे मिळालेल्या स्वातंत्र्याचा उपयोग इतक्या शिस्तीने केला. आपल्या विद्यार्थ्याला निदान निवडीचा प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षीच भेटावा, याची व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.