जमीन तेवढीच, तांदूळ साडेतीनपट: बांगलादेशाला हे कसं जमलं?

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा तिथली लोकसंख्या सुमारे ७ कोटी होती आणि वर्षाला तांदूळ पिकायचा जेमतेम १ कोटी टन. १९७४ मध्ये पूर आला, पाठोपाठ दुष्काळ. हजारो माणसं भुकेनं गेली. आज लोकसंख्या १७ कोटींच्या घरात आहे आणि तांदूळ साडेतीन कोटी टनांच्या वर गेलाय. शेतजमीन मात्र वाढलेली नाही. मग हे झालं कसं?

पहिलं कारण बियाणं. जुनं भात उंच वाढायचं. खत जास्त दिलं की लोंबीच्या भारानं आडवं पडायचं. १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर-८' हे बुटकं वाण दिलं. खत देऊनही ते ताठ उभं राहायचं. पुढे बांगलादेशाच्या स्वतःच्या भात संशोधन संस्थेने तिथल्या हवामानाला मानवणारी वाणं काढली. त्यातली १९९४ ची 'ब्री धान-२८' आणि 'ब्री धान-२९' ही देशभर पसरली.

दुसरं कारण पाणी. तिथली शेतं पावसाळ्यात बुडतात आणि हिवाळ्यात कोरडी पडतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने छोट्या डिझेल इंजिनांच्या आयातीवरची बंधनं सैल केली. इंजिनं स्वस्त झाली, गावोगावी उथळ बोअरवेल आल्या. ज्याला इंजिन परवडत नव्हतं, तो शेजाऱ्याकडून पाणी विकत घेऊ लागला. त्यामुळे हिवाळ्यात लावून एप्रिल-मेमध्ये कापायचं 'बोरो' भात वाढलं. आज देशातला निम्म्याहून जास्त तांदूळ बोरोचा असतो.

याचा फायदा १९९८ मध्ये दिसला. महापुराने पावसाळी भात बुडवलं. पण व्यापाऱ्यांनी भारतातून तांदूळ आणला आणि पुढच्या वर्षी बोरो भरघोस आलं. १९७४ सारखी वेळ पुन्हा आली नाही.

पण या यशाची किंमतही आहे. उथळ बोअरवेलच्या पाण्यात अनेक भागांत आर्सेनिक हे विष सापडलं. तेच पाणी शेतात जातं. वायव्येकडे भूजल खाली चाललंय. म्हणून आता खाचरात पाणी सतत तुंबवून न ठेवता मधूनमधून ते आटू द्यायची पद्धत शिकवली जाते. जमिनीत छिद्रांची नळी रोवायची, आतलं पाणी साधारण वीतभर खाली गेलं की मगच इंजिन सुरू करायचं. पीक घटत नाही, पाणी आणि डिझेल वाचतं.

बियाण्याने पोट भरलं, हे खरं. पण पुढची पिढी जेवणार की नाही, हे जमिनीखालच्या पाण्यावर ठरेल.