पाचवीचे वर्ष : माध्यम बदलते तेव्हा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे अवघे आयुष्य पहिली ते चौथीच्या वर्गांत गेले. अशा प्रसंगी वाङ्मयातील एखादा मोठा विषय मांडावा, अशी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून अपेक्षा असते. परंतु गुरुजींच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलाचे पुढच्याच वर्षी काय होते, त्या वर्षाकडून घरच्यांनी काय अपेक्षा ठेवावी आणि कोणती तयारी करावी, हा विषय मला अधिक निकडीचा वाटला. त्याचीच मांडणी येथे थोडक्यात करतो.

गोव्यातील पाचवी

महाराष्ट्रात मराठी शाळेतील मुलाला पाचवी ही चौथीनंतरची आणखी एक इयत्ता असते. गोव्यात तसे नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. पुढे चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी अशी रचना रूढ झाली. १९९० च्या धोरणाने प्राथमिक स्तरावरील अनुदान प्रादेशिक भाषांच्या शाळांपुरते मर्यादित केले, तर २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांनाही मिळू लागले. या वादात आज मी शिरत नाही. माध्यमिक शाळांचे माध्यम बहुतांशी इंग्रजीच आहे, ही वस्तुस्थिती आपल्या विषयापुरती पुरेशी आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवी हा एक गट मानला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा वा घरची भाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. म्हणजे कायद्याच्या व धोरणाच्या हिशेबात पाचवी ही एका टप्प्याची अखेर आहे, तर आपल्या मुलांच्या अनुभवात ती परक्या माध्यमाची सुरुवात आहे. त्यात आणखी एक गुंतागुंत अशी की, आपल्यातील पुष्कळ घरांत बोलणे कोकणीत चालते. अशा मुलाने पहिलीत एकदा मराठीशी जमवून घेतलेलेच असते; पाचवीत त्याला दुसऱ्यांदा भाषेचे घर बदलावे लागते.

बाहेरचे बदल

प्रथम सहज दिसणारे बदल पाहू. गावातील चार वर्गांची लहान शाळा सुटते आणि मूल शेजारच्या गावातील मोठ्या हायस्कुलात जाऊ लागते. बसचा प्रवास, जड दप्तर, तासागणिक बदलणारे शिक्षक, घंटेवर चालणारे वेळापत्रक, हे सारे नवे असते. एकाच बाईंना सारे सांगण्याची सवय असलेल्या मुलाला, कोणती अडचण कोणाला सांगावी, हेच प्रथम कळत नाही. वर्गात निम्मी मुले कदाचित पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात. वर्गातला पहिला असलेला मुलगा अचानक मागच्या बाकावर जाऊन बसतो. याच सुमारास काही मुलींच्या शरीरात वयात येण्याचे बदल सुरू होतात. त्याविषयी आईने किंवा मोठ्या बहिणीने आधीच शांतपणे बोलून ठेवावे. या वयाला रात्री ९ ते १२ तास झोप लागते, हेही प्रवासाच्या आणि गृहपाठाच्या धांदलीत विसरू नये.

हे बदल बहुधा चतुर्थीच्या सुटीपर्यंत अंगवळणी पडतात. भाषेचा बदल मात्र इतक्या लवकर पचत नाही, आणि घरच्यांचा गोंधळ उडतो तो तेथेच.

मौनाचे महिने

चौथीत घडाघडा उत्तरे देणारे मूल पाचवीत गप्प होते. पहिल्या चाचणीत गुण उतरतात. पालक म्हणतात, ‘अभ्यासात लक्ष नाही’; शेजारी म्हणतात, ‘मराठी शाळेत घातलेत, म्हणून असे झाले’; आणि मूल स्वतःशी म्हणते, ‘मी ढ आहे.’ या तिन्ही निष्कर्षांत चूक एकच आहे : भाषेची अडचण ही बुद्धीची अडचण समजली जाते.

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास एक उपयुक्त भेद मांडला. दैनंदिन संभाषणाची भाषा वेगळी आणि ज्ञानग्रहणाची भाषा वेगळी. नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरते प्रभुत्व मुलाला साधारण दोन वर्षांत येते. परंतु त्या भाषेत धडा वाचून समजणे, कारणे देणे, तुलना करणे, गणिताचे शाब्दिक उदाहरण उलगडणे यासाठी पाच ते सात वर्षे लागू शकतात. या भेदातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, चौथीपर्यंत विषय म्हणून शिकलेली इंग्रजी पाचवीच्या विज्ञानाला पुरत नाही यात नवल नाही. दुसरी, मूल मित्रांशी इंग्रजीत बोलू लागले म्हणजे सारे आले, असे समजून निर्धास्त राहू नये.

कमिन्स यांचे आणखी एक प्रतिपादन पालकांना धीर देणारे आहे. एका भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाही. तिला नवे नाव तेवढे द्यावे लागते. म्हणून चौथीपर्यंतचे मराठी ही पाचवीची शिदोरी आहे. ती टाकून देऊन वाटचाल वेगाने होईल, हा भ्रम आहे.

गणित आणि विज्ञान : दोन उदाहरणे

पाचवीच्या गणितात अपूर्णांकांना महत्त्व येते. मूल एकदम ‘न्यूमरेटर’, ‘डिनॉमिनेटर’ हे शब्द ऐकते आणि गांगरते. पण पाव आणि अर्धा मिळून पाऊण होतो, हे ज्याला दुकानात कळते त्याने भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज मनात केलेलीच असते. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. ते आज घोकावेत असे मी म्हणत नाही. परंतु दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द घरात नित्य वापरात असावेत. इंग्रजीत दीड आणि अडीच यांना असे एकेक सुटसुटीत शब्द नाहीत. आपल्या मुलापाशी ते आहेत, आणि कोकणीतही त्यांची भावंडे आहेत.

काही चुका मात्र केवळ भाषांच्या ठेवणीतून उद्भवतात. त्या ओळखता आल्या तर रागावण्याचे प्रसंग टळतात. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणताना वीस. ‘एकोणतीस’ म्हटले की कानावर तीस पडतात, ‘ट्वेंटी नाइन’ म्हटले की वीस. ज्याने देवनागरी अंकांत गणित केले आहे त्याला आपल्या एकाचा आणि इंग्रजी नवाचा घाट सारखा वाटतो. ‘बारापेक्षा पाचने कमी’ या मराठी वाक्यात बारा आधी येतात. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ यात पाच आधी येतात आणि मूल ऐकलेल्या क्रमानेच वजाबाकी मांडते. वहीत अशी चूक दिसली तर तेच उदाहरण मराठीत किंवा कोकणीत विचारून पाहावे. उत्तर बरोबर आले, तर गणित पक्के आहे आणि वाक्य कच्चे आहे, असे समजावे. दोहोंवरचे उपचार वेगळे असतात.

विज्ञानाचेही तसेच. ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द मूल पाठ करते आणि विसरते. आगरवाड्याच्या मिठागरात समुद्राचे पाणी उन्हाने आटून मीठ मागे राहते, हे त्याने पाहिलेले असेल तर त्याला ‘बाष्पीभवन’ या शब्दातच अर्थ सापडतो : बाष्प होणे. त्यावर इंग्रजी नाव चढवणे मग सोपे जाते. कधी दोन्ही शब्द एकमेकांचे नातलगही निघतात. ‘परिमिती’ आणि ‘पेरिमीटर’ शेजारी ठेवून पाहा. ग्रीक ‘पेरि’ आणि संस्कृत ‘परि’ एकाच कुळातले. ‘मीटर’ आणि ‘मिती’ही मोजण्याच्या एकाच धातूकडे जाणारे. मुलाला ही गंमत दाखवली की इंग्रजी शब्दाचे परकेपण कमी होते.

घराने काय करावे

एक. रोज रात्री पंधरा मिनिटे मुलाला जवळ घेऊन विचारावे, ‘आज वर्गात काय शिकलास, ते मला आपल्या भाषेत सांग.’ जे त्याला सांगता आले, ते त्याला समजले आहे. जेथे ते अडखळेल तेथे उद्या शिक्षकांना विचारायचा प्रश्न सापडेल. या कामाला इंग्रजी येण्याची अट नाही. ज्या आईला वा आजीला इंग्रजी येत नाही, तिच्याइतका चांगला श्रोता नाही. कारण तिला समजेपर्यंत मुलाला नीट समजावून सांगावेच लागते.

दोन. एक लहान वही करावी. पानाचे तीन भाग : इंग्रजी शब्द, आपला शब्द आणि एखादे चित्र वा घरातले उदाहरण. दिवसाला चार-पाच शब्द पुरेत.

तीन. मराठी वाचन थांबवू नये. पाचवीत मराठी वा कोकणी एक विषय म्हणून उरते आणि पालकांच्या लेखी तो ‘सोपा विषय’ ठरून बाजूला पडतो. वाचून समजून घेण्याची शक्ती एकदा कमावली की ती कोणत्याही भाषेत कामी येते. म्हणून गोष्टीचे पुस्तक हातातून सुटू देऊ नये.

चार. इंग्रजी मुलाच्या कानांवर पडू द्यावी, धडा मोठ्याने वाचून घ्यावा. परंतु आपल्याला नीट येत नसलेली इंग्रजी घरात बोलण्याचा अट्टाहास धरू नये. त्याने मुलाची इंग्रजी सुधारत नाही, आणि घरातले मोकळे बोलणे मात्र आटते.

पाच. वर्गशिक्षकांना सुरुवातीलाच भेटून, मुलाला शंका मराठीत किंवा कोकणीत विचारू द्यावी, अशी विनंती करावी. बहुतेक शिक्षक ती आनंदाने मान्य करतील. शिकवणी लावायचीच असेल तर तेथे उत्तरे पाठ करून घेतात की अर्थ समजावतात, हे आधी पाहावे.

परीक्षा आणि निकाल

शिक्षण हक्क कायद्याने मूळ स्वरूपात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा, त्यात न जमल्यास जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, अशी तरतूद झाली. त्यानंतरही न जमल्यास त्याच वर्गात ठेवावे की नाही, हा निर्णय त्या त्या शासनावर सोपवला आहे. मूल पुन्हा परीक्षेला बसले तर तो घराण्याला लागलेला कलंक मानू नये. काणकोण आणि वाळपई येथील नवोदय विद्यालयांची प्रवेश परीक्षाही पाचवीतच असते. हौसेने बसणाऱ्याला अवश्य बसवावे. मात्र याच वर्षी भाषेचे ओझे किती आहे, हे लक्षात घेऊन.

साधारणपणे असे म्हणता येईल : चतुर्थीपर्यंत मूल ऐकते, दिवाळीच्या सुमारास तुटक वाक्यांत उत्तरे देऊ लागते, आणि वर्ष संपता संपता स्वतःहून हात वर करते. एखाद्याला याहून अधिक काळ लागतो. तेवढा काळ त्याला दिला पाहिजे.

समारोप

पाचवीचा प्रश्न केवळ पाचवीपुरता राहिलेला नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. पाचवीत मुलाचे हाल होतील, या भीतीने आईबाप त्याला पहिलीपासूनच इंग्रजी शाळेत घालतात. गावोगावच्या प्राथमिक शाळांचा पट घटतो आहे आणि काही शाळा बंदही पडल्या आहेत. त्यामागे जी अनेक कारणे आहेत, त्यांत ही भीती मोठी आहे. पाचवीची भीती पहिलीचा पट रिकामा करते. म्हणून पाचवीतले एक मूल नीट सावरले, तर त्याच्या धाकट्या भावंडाची, शेजारच्या घरातल्या मुलाची आणि गावातल्या शाळेची बाजूही सावरली जाते.

हे काम शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहत नाही. त्याला रोज रात्रीची पंधरा मिनिटे लागतात, आणि मूल गप्प असताना त्याच्यावर ढपणाचा शिक्का न मारण्याइतका संयम लागतो. गुरुजींनी चार वर्षे त्या मुलाला बोलते केले होते. पाचव्या वर्षी त्याचे ऐकून घेण्याची पाळी आपली आहे.