कुत्र्या-मांजरांतील कर्करोग

कर्करोग केवळ माणसाच्याच वाट्याला आला आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः कुत्री व मांजरे यांनाही तो होतो आणि त्याची मूळ प्रक्रिया तीच असते. जुन्या पेशी मरणे व त्यांची जागा नव्या पेशींनी घेणे, हा शरीराचा नित्यक्रम होय. एखादी पेशी हे नियमन झुगारून अनिर्बंधपणे विभागू लागली, म्हणजे अर्बुद तयार होते. ते जागच्या जागी राहिले तर सौम्य. आसपासच्या भागात शिरून रक्तावाटे अथवा लसीकेवाटे दूरच्या अवयवांत पोचू लागले, तर ते मारक, म्हणजेच कर्करोग. हा मुख्यतः उतारवयाचा रोग आहे. चांगले अन्न व लसीकरण यांमुळे पाळीव प्राणी अधिक वर्षे जगू लागले, तसा तोही अधिक दिसू लागला.

अंडाशये न काढलेल्या कुत्रीमध्ये स्तनग्रंथींचे अर्बुद फार आढळते. गाठी बहुधा मागच्या दोन जोड्यांत होतात व त्यांपैकी सुमारे निम्म्या मारक निघतात. मांजरीत हा प्रकार त्या मानाने कमी. परंतु झाला तर दर दहा गाठींतील आठ-नऊ मारक असतात. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, प्रथम माजावर येण्यापूर्वीच अंडाशये काढलेल्या कुत्रीला हा धोका इतर कुत्र्यांच्या तुलनेत अवघा अर्धा टक्का उरतो; एका माजानंतर तो ८ टक्के व त्यापुढे २६ टक्के होतो. या आकड्यांच्या नेमकेपणाविषयी पुढे शंका घेण्यात आल्या. तथापि संप्रेरकांचा या रोगाशी असलेला संबंध सर्वमान्य आहे. शस्त्रक्रियेचे योग्य वय मात्र जातीनुसार बदलते; ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे.

आपल्या देशातील भटक्या कुत्र्यांत एक विलक्षण प्रकार वारंवार दिसतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येते व तिच्यातून रक्त ठिबकते. हा कर्करोग समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. आणि जाते ती जिवंत कर्कपेशीच, विषाणू नव्हे. नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ साली अशा अर्बुदाचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवला होता. २००६ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले, की जगभरातील ही सर्व अर्बुदे हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच प्राण्याच्या पेशींचे वंशज आहेत. तो प्राणी केव्हाच नष्ट झाला. त्याच्या पेशी अजून जगत आहेत. समाधानाची गोष्ट ही, की आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून दिल्यास, बहुतेक कुत्री काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. ज्याला असाध्य समजून लोक हाकलून देतात, तो रस्त्यावरचा रोगी वास्तविक सर्वांत साध्य असतो.

इतर प्रकारांपैकी लसीका ग्रंथींच्या कर्करोगात जबड्याखाली, खांद्यापुढे व गुडघ्यामागे न दुखणाऱ्या गाठी उठतात. मास्ट पेशींचे अर्बुद त्वचेवर होते. ते कधी फुगते, कधी ओसरते, आणि त्यामुळे मालक फसतो. हाडाचा कर्करोग मोठ्या बांध्याच्या कुत्र्यांत अधिक होतो. त्यामुळे आलेले लंगडणे मुरगळीचे समजण्यात मोलाचा वेळ जातो. तोवर रोग फुप्फुसात पोचू लागलेला असतो.

मांजरांतील लसीका ग्रंथींच्या कर्करोगामागे अनेकदा एक विषाणू असतो. विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ग्लासगो येथे त्याचा शोध लावला. एकमेकांना चाटण्यातून, लाळेवाटे तो पसरतो. माणसाला त्याची बाधा होत नाही. त्यावर आता लस उपलब्ध आहे. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला किंवा नाकावर न भरणारी खपली दिसली, तर तीही संशयास्पद मानावी. उन्हाने तेथील त्वचेचा कर्करोग होतो.

निदानासाठी बहुधा गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतात व त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी गाठीचा तुकडाही तपासावा लागतो. नुसत्या हाताच्या स्पर्शाने सौम्य व मारक यांतील भेद अनुभवी वैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही. उपचार शस्त्रक्रियेचे, औषधांचे वा किरणांचे असतात. घरातील वेदनाशामक गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलने मांजर दगावते. रोग हाताबाहेर गेला असेल, तर वेदना कमी करणे हाही उपचारच होय.

मुका प्राणी आपले दुखणे सांगत नाही. मांजर तर ते लपवते. म्हणून महिन्यातून एकदा त्याच्या सर्वांगावरून सावकाश हात फिरवावा. मांजरीच्या स्तनातील गाठ दोन सेंटिमीटरहून लहान असतानाच काढली, तर ती बराच अधिक काळ जगते, असे दिसून आले आहे. 'दुखत तर नाही, बघू पुढे' असे म्हणून आपण सहा महिने थांबतो. पण ज्याचे सारे आयुष्यच बारा-पंधरा वर्षांचे, त्याच्या दृष्टीने ते सहा महिने फार मोठे असतात.