मालक गावाला गेला की दुकान बंद? विदर्भाच्या रणजी टीमकडून शिका टीम कशी उभी करायची



आज एक साधा प्रश्न विचारतो. उद्या तुम्हाला दोन दिवसांसाठी नागपूरला जावं लागलं, तर मागे तुमचं दुकान नीट चालेल का?

खरं उत्तर द्या. आपल्याकडे चिखली असो, मेहकर असो, नाहीतर खामगाव, बहुतेक दुकानांत एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ बाहेरगावी गेलेत, परवा या." गिऱ्हाईक परवा येत नाही. ते समोरच्या दुकानात जातं, आणि तिथे माल बरा मिळाला तर तिकडचंच होऊन जातं. नुकसान दोन दिवसांच्या गल्ल्याचं दिसतं, पण खरं नुकसान वर्षभराच्या गिऱ्हाइकाचं असतं.

बीबीएच्या पुस्तकात यासाठी मोठमोठे शब्द होते. ते परीक्षेपुरते पाठ झाले. मला स्वतःला ही गोष्ट नीट समजली ती क्रिकेटमधून. धोनी, कोहली, आयपीएल यांची उदाहरणं सगळेच देतात. मी आपल्या घरच्या टीमचं देतो, विदर्भाचं. या टीममध्ये फार मोठे स्टार नव्हते. आपल्या दुकानातही नसतात. म्हणून तिच्याकडून शिकण्यासारखं जास्त आहे.

आधी गोष्ट काय आहे ते बघू

विदर्भाची टीम १९५० च्या दशकापासून रणजी करंडक खेळते. इतक्या वर्षांत ती एकदाही फायनलला पोहोचली नव्हती. मग २०१७-१८ च्या मोसमात फैज फझल कर्णधार आणि चंद्रकांत पंडित कोच असताना ती पहिल्यांदा फायनलला गेली. इंदूरमध्ये दिल्लीला ९ विकेटने हरवून १ जानेवारी २०१८ ला करंडक घेतला. पुढच्याच मोसमात नागपूरला सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून पुन्हा जिंकला.

तिसरा करंडक आला मार्च २०२५ मध्ये, नागपूरलाच, केरळविरुद्ध. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. तोपर्यंत कर्णधार बदलला होता, अक्षय वाडकर. कोच बदलला होता, उस्मान घनी. खेळाडूही बरेचसे बदललेले होते. करंडक मात्र पुन्हा घरी आला.

इथेच आजचा मुद्दा आहे. माणसं बदलली तरी काम त्याच दर्जाचं होत राहतं, ती खरी टीम. एका माणसावर उभं असलेलं दुकान म्हणजे टीम नव्हे, ती त्या माणसाची नोकरी आहे. मग तो माणूस मालक का असेना.

आता यातून आपण उचलायच्या पाच गोष्टी बघू.

१. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवा

२०१७-१८ च्या सेमीफायनलला उमेश यादव विदर्भाकडून खेळला. फायनलच्या वेळी तो भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर होता. सगळ्यात मोठा बॉलर ऐन फायनलला नाही! मग काय केलं? आपल्या शेजारच्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेला उतरवलं. (नाव तेच, पण हा राजकारणातला नव्हे, क्रिकेटमधला बरं का.) त्याचा पहिला रणजी सामना म्हणजे थेट फायनल! आणि बॉलिंगचा मुख्य भार रजनीश गुरबानीने उचलला. हा पोरगा इंजिनिअरिंग शिकलेला. त्याने पहिल्या डावात हॅटट्रिकसह ६ विकेट घेतल्या.

दुकानात हे असं लावा. एका कागदावर सगळी कामं लिहा: बिल करणं, माल उतरवून मोजणं, उधारीची वही, ऑनलाइन पेमेंट तपासणं, होलसेलरला ऑर्डर देणं, शटर उघडणं. प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा. जिथे दुसरं नाव सुचत नाही, तिथे तुमचं दुकान अडतं. माझ्या दुकानात आम्ही पाच जण आहोत. हा कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो आणि दर महिन्याला एका कामासाठी दुसरा माणूस तयार होतो. यात खर्च शून्य, लागते ती फक्त चिकाटी.

२. चांगला माणूस जाणारच, हे धरून चाला

हा मुद्दा नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त प्रश्न मला याच्यावर येतात. "सर, शिकवून तयार केला आणि समोरच्याने हजार-दोन हजार जास्त देऊन उचलून नेला."

आता विदर्भाचं बघा. २०१८-१९ च्या फायनलचा हिरो कोण? डावखुरा स्पिनर आदित्य सरवटे. त्याने सामन्यात ११ विकेट घेतल्या, पुजारासारख्या बॅट्समनला दोन्ही डावांत बाद केलं. आणि २०२५ च्या फायनलला तोच सरवटे कुठे होता? केरळच्या टीममध्ये, विदर्भाच्या विरुद्ध! पहिल्या डावात ७९ धावाही काढल्या त्याने.

पण विदर्भाकडे तोपर्यंत हर्ष दुबे तयार होता. तोही डावखुरा स्पिनर. त्या मोसमात त्याने ६९ विकेट घेतल्या. रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम ठरला.

म्हणून माणूस जाईल या भीतीने शिकवणं थांबवू नका. न शिकवलेला माणूस दहा वर्षं टिकला तरी दुकान आहे तिथेच राहतं. आज तुमचा सगळ्यात भारी सेल्समन जो आहे, त्याच्या हाताखाली त्याच कामात एक पोरगं आजपासूनच ठेवा. आणि कोणी गेलाच, तर भांडून पाठवू नका. हिशेब चुकता करा, चहा पाजा, दार उघडं ठेवा. आपली गावं लहान आहेत, बाजारात रोज समोरासमोर यायचं असतं.

३. बाहेरून अनुभवी माणूस आणा, पण दिलेला शब्द पाळा

विदर्भाने बाहेरचे अनुभवी खेळाडू घेतले. मुंबईचा वसीम जाफर, नंतर कर्नाटकचा करुण नायर. जाफरची गोष्ट प्रत्येक मालकाने ऐकावी अशी आहे. २०१६-१७ चा मोसम तो दुखापतीमुळे खेळू शकला नाही. तरी असोसिएशनने त्याच्याशी केलेला करार पाळला. त्याची परतफेड त्याने कशी केली? पुढच्या मोसमात तो विदर्भासाठी मानधन न घेता खेळला, आणि त्याच मोसमात विदर्भाने पहिला करंडक जिंकला. त्याच्या पुढच्या मोसमात या माणसाने चाळिशीत हजारावर धावा काढल्या.

आता आपल्याकडे काय होतं? पोरगा डेंग्यूने आठ दिवस आजारी पडला की आठ दिवसांचा पगार कापला. नियमाने कापता येत असेल. पण दिवाळीत रात्री अकरापर्यंत थांबायची वेळ येते, तेव्हा त्या पोराला ते आठ दिवस आठवतात. सगळ्यांनाच पूर्ण भरपगारी रजा परवडत नाही, मान्य आहे. जेवढं परवडतं तेवढं आधी सांगा आणि सांगितलेलं मोडू नका. वर्षाला चार आजारपणाच्या सुट्ट्या म्हटलं, तर चार. तारखेला पगार म्हटलं, तर तारखेला. निष्ठा भाषणाने येत नाही, पगाराच्या तारखेने येते.

आणि बाहेरचा अनुभवी माणूस घेतला तर त्याला एक काम जास्तीचं सांगा: घरच्या पोरांना शिकवणं. २०२५ च्या फायनलला विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. तिथून पहिलाच मोसम खेळणारा दानिश मालेवार आणि अनुभवी करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. मालेवारने १५३ केल्या. समोर जाणता माणूस उभा असला की नवख्या पोरालाही धीर येतो.

४. नियम एकच, सगळ्यांना सारखा

चंद्रकांत पंडित कडक शिस्तीसाठी ओळखले जातात. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन टीमना त्यांनी रणजी जिंकून दिली. तुमचा स्वभाव इतका कडक असायलाच हवा असं नाही. पण नियम सगळ्यांना सारखा हवा.

आपल्या दुकानांत इथेच गाडी अडते. कामाला एक बाहेरचा पोरगा आणि एक साल्याचा मुलगा. बाहेरच्याने साडेनऊला यायचं, घरच्याने अकराला आलं तरी चालतं. महिनाभरात बाहेरचाही अकराला यायला लागतो, नाहीतर काम सोडतो. नियम तीनच करा: यायची वेळ, काउंटरवर मोबाइल, गल्ल्याला हात कोणाचा. पण ते तिन्ही तुमच्या भाच्यालाही लागू आणि तुम्हालाही लागू. मालकाने गल्ल्यातून शंभर रुपये घेतले तरी चिठ्ठी टाकायची. ते पाहिलं की इतरांना वेगळं सांगावं लागत नाही.

५. कर्णधार घरातूनच घडवा, आणि एका पराभवाने बदलू नका

अक्षय वाडकर २०१७-१८ मध्ये नवखा होता. पहिलाच मोसम. त्या फायनलला त्याने १३३ धावा काढल्या, ते त्याचं पहिलं शतक. पुढे तोच कर्णधार झाला. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वात विदर्भ फायनलला गेला आणि मुंबईकडून १६९ धावांनी हरला. शेवटच्या डावात ५३८ धावांचं लक्ष्य होतं. वाडकरने स्वतः १०२ काढल्या, तरी हार झालीच.

कर्णधारपद त्याच्याकडेच राहिलं. पुढच्या मोसमात सेमीफायनलला समोर पुन्हा मुंबई आली. या वेळी विदर्भ ८० धावांनी जिंकला, आणि मग करंडकही.

तुम्ही दुकानाची चावी ज्या पोराकडे द्याल, त्याच्याकडून पहिल्या महिन्यात काहीतरी चुकेल. चुकीचा माल मागवेल, उधारी जास्त देऊन बसेल. लगेच चावी काढून घेतली, तर पुढचा कोणी चावी घ्यायला तयार होणार नाही. नुकसानीची मर्यादा आधीच ठरवा: "पाच हजारांपर्यंतची ऑर्डर तू दे, त्याच्या वर मला फोन." मर्यादेच्या आत चूक झाली तर संध्याकाळी शटर खाली घेऊन शांतपणे बोला. गिऱ्हाइकासमोर नाही, आणि बाकी पोरांसमोर तर अजिबात नाही.

एक फरक लक्षात ठेवा

खेळ आणि दुकान अगदी सारखं नाही. खेळाडूची प्रत्येक धाव, प्रत्येक विकेट त्याच्या नावावर लिहिली जाते. तुमच्या पोराने जुनी उधारी गोड बोलून वसूल केली, तर ती कोणाच्या नावावर लागते? बहुतेक वेळा मालकाच्या. म्हणून आपला स्कोअरबोर्ड आपणच बनवा. साधी वही चालेल. शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटं काढून मोठ्याने सांगा की या आठवड्यात कोणी काय चांगलं केलं. नाव घेऊन सांगा. माणूस पगारासाठी येतो हे खरं, पण नाव होतं तिथे टिकतो.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. आजच कामांचा कागद करा आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा. मग बाजाराचा दिवस सोडून एक दिवस निवडा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुकानात जाऊ नका. फोन चालू ठेवा, पण स्वतःहून करू नका. रात्री मोजा, तुम्हाला किती फोन आले आणि कशासाठी आले. प्रत्येक फोन म्हणजे एक काम, जे अजून कोणाला शिकवायचं बाकी आहे.

पुढच्या महिन्यात हाच प्रयोग परत करा. सोयाबीन बाजारात येऊन लोकांच्या हातात पैसा येतो, दिवाळीची गर्दी सुरू होते, त्याच्या आत फोन निम्म्यावर आले पाहिजेत. मग येत्या लग्नसराईत घरच्या कार्याला जाल, तेव्हा अक्षता टाकताना तरी डोक्यात गल्ला नसेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण माणसं जोडून करा!